ही बाटली माझ्याच डोळ्यांची

गणपती उठले की धरणगावच्या रस्त्यांच्या कडेनं गाजरगवत पांढरं फुलतं आणि माझे डोळे सुजतात. लग्नाआधी जळगावात हा त्रास थोडका होता. सासरचं घर शेताला लागून. पहिल्याच वर्षी मी डोळे चोळून चोळून लालभडक केले.

जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, परागकणांची ॲलर्जी आहे. ॲलर्जीचे थेंब लिहून दिले आणि ते टाकायचे कसे, तेही शिकवलं. हात धुवायचे, खालची पापणी ओढून एकच थेंब टाकायचा, बाटलीचं तोंड डोळ्याला लागू द्यायचं नाही, मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा हलकेच दाबून धरायचा. मी कॉन्टॅक्ट लेन्स लावते, त्या काढूनच थेंब, आणि डोळे लाल आहेत तोवर चष्माच. बाटली उघडली की महिन्याभरानं फेकायची, औषध उरलं तरी.

“आणि कुणाची वापरायची नाही, कुणाला द्यायची नाही,” त्या म्हणाल्या.

ते शेवटचं सासरी मला महागात पडलं. आमच्याकडे एकच बाटली सगळ्यांच्या डोळ्यांत फिरायची. मोठे दीर ती मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणत. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, तिची इतकी सवय की सकाळ-संध्याकाळ टाकल्याशिवाय चैन पडत नसे.

जाऊबाईंनी ती माझ्यापुढे धरली. “एक थेंब टाक, लाली लगेच जास.”

“नको, अक्का. माझी वेगळी आहे.”

“आमना घरमा बठ्ठा जन हाईच औषध टाकतस. तुनाच डोया काय सोनाना शेतस का?”

“सोन्याचे नसतील, पण माझे आहेत,” मी म्हणाले. त्या दिवशी जेवताना माझ्याशी कुणी बोललं नाही.

तिसऱ्या वर्षी शेवटी मी त्या बाटलीच्या खोक्याचा फोटो डॉक्टरबाईंना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. ते स्टेरॉइडचे थेंब होते. लाली झटकन जाते खरी, पण तपासणीशिवाय महिनोन्महिने टाकले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि नजर कडेकडेनं जाते, कळतसुद्धा नाही. “आबांना घेऊन ये. तोवर त्यांना दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का, ते विचार,” त्या म्हणाल्या.

विचारलं. आबा म्हणाले, “दिसतस ना. म्हातारपण शे ते.”

मोठे दीर चिडले. “कापूस वेचणीला आलाय. गाडी मिळणार नाही. आणि डॉक्टर काय, भीती घालतातच.”

“गाडी राहू द्या, भाऊ. मी बसनं नेते,” मी म्हणाले. तिसऱ्या वर्षाची सून, मोठ्या दिरापुढे एवढं कधी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा हात धरून मी बसमध्ये चढले.

तपासणीला दुपार झाली. दोन्ही डोळ्यांतला दाब वाढलेला होता. डाव्या डोळ्याच्या कडेची नजर गेली होती आणि ती परत येणार नव्हती. उरलेली राखता येईल, पण दाबाचं औषध रोज आणि तपासणी वेळच्या वेळी. आबांनी सगळं ऐकून घेतलं. बसस्टँडवर चहा पिताना एवढंच म्हणाले, “ती बाटली मीच फेकसू.” आणि घरी आल्यावर फेकली. जाऊबाई कितीतरी दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात धुळ्याला एका लग्नाला गेलो. डोळे अजून लाल होते म्हणून मी चष्मा लावूनच गेले होते, लोक काय म्हणतील ते म्हणोत. माझ्या पर्समध्ये थेंब बघून एका नात्यातल्या बाईंनी हात पुढे केला. “दे ना, माझेही फार खाजतायत.”

“नाही देणार,” मी सगळ्यांदेखत म्हणाले. “चला, आधी थंड पाण्यानं धुऊ. उद्या डॉक्टरांना दाखवा. दुखत असेल, धूसर दिसत असेल, तर उद्याचीही वाट बघू नका.”

त्यांचं तोंड एवढंसं झालं. कुणीतरी मागून म्हणालं, किती ती ऐट! मी वळूनही पाहिलं नाही. नळ सोडला आणि डोळे पुसायला माझा रुमाल त्यांना न देता त्यांचाच मागून घेतला.