मामाची चाकांची फळी

मला चाकांच्या फळीवर उभं राहायला मामानं शिकवलं, आणि शिकवणीची सुरुवात त्यानं मला मागून ढकलून केली. मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. धक्का बसताच उजवा पाय पुढे टाकून मी सावरले आणि वळून ओरडले, "का ढकललंस?" तो खुशीत म्हणाला, "उजवा! तुजा उजवा पाय फुडं ठेवायचा." मला वाटलं, हा मला पाडून कुणालातरी हसवतोय. मी आधी कुंपणापलीकडे कोण उभं आहे का ते बघून घेतलं.

फळीवर कुठला पाय पुढे ठेवायचा हे असंच ठरवतात, हे मला नंतर कळलं. बेसावध माणसाला हलका धक्का द्यायचा. जो पाय आपसूक पुढे येईल तो पुढचा. सांगून ढकललं तर माणूस विचार करतो आणि चुकीचा पाय टाकतो. पण बेसावध राहणं आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

चौक गावात मुंबई-पुणे रस्त्याला लागून बाबांचं गॅरेज होतं. घाट उतरून आलेले ट्रक तिथे थांबायचे. जुनं बेरिंग घासूनपुसून नवं म्हणून विकणारे, टायर बदलून नेणारे, उद्या येतो म्हणून तोंड न दाखवणारे, सगळे नमुने बाबांनी बघितले होते. त्यामुळे दारात आलेला माणूस काहीतरी लपवतोय असं धरूनच ते बोलायला सुरुवात करत. त्यांचा हा गुण मी दुधाबरोबर प्यायले. दूधवाला हसून बोलला की मी चरवीत डोकावून बघायची.

दुसरी सवय नटांची. ट्रकच्या चाकाचा नट पान्यानं घट्ट केला म्हणजे काम झालं असं बाबा मानत नसत. पान्याला लांब पाइप लावायचा, त्यावर उभं राहायचं आणि सगळं अंग टाकून शेवटचा एक हिसका द्यायचा. नट किर्र वाजला की मगच बाबा हात पुसत. लहानपणी वजनाला मी उपयोगी पडे, म्हणून मलाच पाइपवर उभं करायचे. ढिला नट म्हणजे घाटात गेलेला जीव, हे माझ्या अंगात भिनलं होतं.

अशा घरात मामा आला. तो मालाच्या बोटीवर इंजिनात तेलवाला होता. मोठाल्या यंत्रांना तेल घालायचं, नट-बोल्ट तपासायचे, हे त्याचं काम. आजी-आजोबा गेल्यापासून सुट्टीत तो आमच्याकडेच उतरायचा. मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते त्या उन्हाळ्यात तो आला, तेव्हा आईला वाटलं, नायलॉनच्या साड्या असतील. बाबांना वाटलं, घड्याळ असेल. मामानं गोणपाटातून काढली एक फळी. उभी केली तर माझ्या छातीला लागेल एवढी लांब, खाली मधाच्या रंगाची चार मऊ चाकं.

"अमेरिकेच्या बंदरात एका पोराकडनं घेतली," मामा म्हणाला. "दोन लुंग्या दिल्या, आनि लोनच्याची बरनी."

रात्री जेवताना बाबा आईला म्हणाले, "तुजा भाऊ साता समुद्रापलीकडनं लाकूड घेऊन आलाय. आपल्याकडं लाकडं कमी हायेत का?"

त्या दिवसांत बोटीवरून येणाऱ्या कुठल्याही वस्तूत दुसरी वस्तू असते, असं सगळ्यांचंच मत होतं. रेडिओत घड्याळं, बुटाच्या टाचेत सोन्याची बिस्किटं. लोणच्याच्या बरणीवर अशी फळी कोण देईल? मी फळीवर टिचकी मारून बघितली. कडेला एक आवाज, मधोमध दुसरा. बाबा नुसते माझ्याकडे बघून मान हलवत गेले, आणि आमचं दोघांचं न बोलता एकमत झालं.

शिकायला मी तयार झाले ती निम्मी पाळत ठेवायला म्हणून. हे मी आज मान्य करते.

गावाबाहेर कर्जतच्या रस्त्याला एक लांब उतार आहे. वरून सरळ येतो, खाली ओढ्यावरच्या मोरीपाशी डावीकडे वळतो. पण मामा मला उतारावर नेईच ना. आठ दिवस त्यानं सपाट डांबरावर ठेवलं. चपला काढून कॅनव्हासचे बूट घालायला लावले. ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून गुडघ्यांना आणि कोपरांना बांधले. हसू नका, त्या रबरानं माझे गुडघे शाबूत ठेवले. गुडघे नेहमी थोडे वाकलेले. ताठ उभी राहिलीस तर खडा लागला की उडशील. नजर पायांकडे नाही, लांब, जिथे जायचंय तिथे. वळायचं तर हातवारे करायचे नाहीत, टाचेवर किंवा चवड्यावर भार टाकायचा, फळी तिकडे कलते आणि वळते. आणि सगळ्यात आधी थांबणं. मागचा पाय खाली सोडून बुटाचा तळवा डांबरावर हलकेच घासत न्यायचा.

"जिथं थांबता येत नाय, तितनं सुटायचं नाय," तो रोज म्हणे. पडायची वेळ आली तर हात टेकू नकोस, मनगट जातं. अंग मुटकुळं करून कडेच्या गवतात लोळण घे. तेही त्यानं करून दाखवलं. एक कातकरी बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती, ती मोळी उतरवून खाली बसली आणि पोटभर हसली.

मला मजा येऊ लागली होती, आणि त्याचाच मला राग यायचा. पाळत ठेवणाऱ्यानं मजा करायची नसते. मामा बेरिंगं स्वतः रॉकेलमध्ये धुवायचा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडायचा. बाबांनी ग्रीसचा डबा पुढे केला तर म्हणाला, "नको दाजी, ग्रीसनं जड व्हतंय." गॅरेजवाल्याचं ग्रीस नाकारणारा माणूस! आणि फळीला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. रात्री ती त्याच्या खाटेखाली. माझा संशय पक्का होत चालला.

मग कंपनीचा कागद आला. पुढच्या महिन्यात मोठ्या बोटीवर, इंजिनात वरच्या जागेवर घेणार होते. मामानं तो कागद आईला तीनदा वाचून दाखवला. आठ वर्षं तेल घालत होता, आता हाताखाली चार माणसं येणार होती. कुठल्याशा दाखल्यासाठी तो दुसऱ्याच दिवशी खालापूरला कचेरीत गेला. सकाळी त्यानं बेरिंगं धुतली होती, हत्यारं ओसरीवर तशीच होती. फळीही.

दुपारी आई झोपली होती. मी फळी उलटी केली आणि खोलायला घेतली. चाकांचे आस फळीपासून सुटे केले. प्रत्येक आसाच्या मधोमध एक जाड बोल्ट, त्यावर रबरी बुश आणि वर नट. त्या नटाला पाना लावला तर तो सहज फिरला. ढिला! दोन्हीकडे ढिला. इंजिनात काम करणारा माणूस नट असा ढिला ठेवील? म्हणजे हा नुकताच कुणीतरी उघडलाय, आत काहीतरी घातलंय किंवा काढलंय. मी रबर काढून दाबून बघितलं, फळीच्या कडेत दाभण घालून बघितलं. आत लाकूड होतं. थरावर थर चिकटवलेलं साधं लाकूड.

मला हायसं वाटायला हवं होतं. मला मात्र फसवल्यासारखं वाटलं, कारण सोनं बहुधा आधीच हलवलं होतं.

मी सगळं होतं तसं जोडलं. माझा हात गॅरेजात तयार झालेला, एकही वायसर चुकला नाही. आणि शेवटी त्या दोन नटांना, सवयीनं, अंग टाकून हिसका दिला. दोन्ही किर्र वाजले. मी हात पुसले. खरं सांगते, मनात आलं, बरं झालं, मामाचा जीव वाचवला आपण.

ट्रकचं चाक आणि ही फळी यांत फरक आहे. तो मधला नट थोडा सैलच ठेवायचा असतो. रबर दबतं, म्हणून फळी कलते. कलते, म्हणून वळते. नट आवळला की फळी सरळ जाते, फक्त सरळ. नवशिक्यानं उभं राहण्याआधी फळी हातानं कलवून बघावी, हे मी आता कुणालाही सांगते. मामानं मला ते सांगितलं नव्हतं, कारण ते काम तो स्वतः करी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला उताराच्या माथ्यावर घेऊन गेला. "आज तू फक्त बघ. मी कसा वळतो ते बघ." त्यानं चारही चाकं बोटानं फिरवली, ती भिरभिरली. फळी कलवून बघायची मात्र राहिली. मी तिथेच होते. सांगायला तीन शब्द पुरले असते. फळी खोलली होती. पण मग का खोलली तेही सांगावं लागलं असतं.

तो सुटला. सरळ रस्त्यावर छान गेला, गुडघे वाकवून, नजर लांब. मोरीपाशी त्यानं टाचांवर भार टाकलेला मला वरून दिसला. फळी वळली नाही. ती तशीच सरळ गेली, खडीत रुतली, आणि मामा पुढे फेकला गेला. त्यानं हात टेकले.

मी धावत खाली गेले तेव्हा तो बसला होता. उजवं मनगट भलत्याच कोनात होतं. दुखण्यानं चेहरा पांढरा पडला होता, पण डाव्या हातानं त्यानं फळी उलटी केली होती आणि तो त्या नटाकडे बघत होता. बोटानं त्यानं रबर दाबून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी रडायला लागले. तो म्हणाला, "रडू नको गं. चूक झाली."

कुणाची, ते तो बोलला नाही. याला कळलंय, असं मी धरून चालले.

पनवेलच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं. पावसाळ्याच्या तोंडावर ते निघालं आणि मनगट बरं झालं, मुठीत पाना धरण्याइतकं. कंपनीनं पुन्हा कागद पाठवला. मामा गेला नाही. आई विनवून थकली. बाबांना त्यातही काळंबेरं दिसलं. बोटीवर काही लफडं केलं असणार, म्हणाले. मामानं फळी माळ्यावर टाकली आणि कर्जतच्या बाजूला एका कोंबड्यांच्या फार्मवर नोकरी धरली. दाणापाणी करायचं, अंडी गोळा करायची. यंत्र म्हणून तिथे सायकलसुद्धा नव्हती.

आमच्याकडे आला की तो विचित्र वागे. दाराची कडी लावून झोपायचा, पुन्हा उठून कडी बघायचा, पुन्हा बघायचा. स्टोव्ह विझवला की परत येऊन हात धरून बघे. मला वाटे, हे सगळं मला दाखवायला आहे. या घरात माझ्या पाठीमागे काय होतं ते मला ठाऊक आहे, असं तो मला सुचवतोय. मी त्याच्यासमोर बसणं टाळू लागले. सात-आठ वर्षं हे चाललं. लग्न होऊन नेरळला गेले तेव्हा सुटले असं वाटलं.

माझ्या मुलीच्या बारशाला मामा आला. माणसं जेवून पांगली होती. पाळण्याचं कडं आढ्याला बसवलेलं, त्याचा नट किंचित हलत होता. पाना समोरच होता. मी सहज म्हणाले, "मामा, एवढा नट आवळ ना."

तो मागे सरकला. "मी नको. दुसऱ्या कोनाला सांग."

"अरे, एक नट तर आहे."

"लेकराचा पाळना हाय गं. माज्या हातांचा मला भरवसा नाय." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "त्या दिशी उतारावर काय झालं? नट मीच आवळून ठेवला व्हता. आवळला कवा, काय बी आठवत नाय. आदल्या दिशी बेरिंगं धुतली, तवाच आवळला आसंल. मी नाय तर कोन? त्या फळीला माज्याबिगर हात कोन लावत व्हतं? हातानं काय केलं ते डोक्याला ठावं नसंल, तर अशा मानसानं इंजिनात उभं राहायचं? खाली चार जनं असत्यात, मरतील ना."

मला काही सेकंद तो काय बोलतोय तेच कळेना. आमच्या घरात राहून, आम्हाला ओळखून, याला माझा संशय आला नव्हता. त्याला संशय घ्यायला एकच माणूस सापडला होता.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. खालापूरची दुपार, दाभण, सोनं, हिसका. सांगताना माझा आवाज चढला होता, जणू त्याचीच चूक मी काढत होते.

तो खाली बसून ऐकत होता. मी वाट बघत होते, तो ओरडेल, निघून जाईल. त्यानं दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाला, "म्हंजे नट मी आवळला नव्हता?"

"नाही मामा."

"नक्की?"

"नक्की. मी आवळला."

"कंपनीचा कागद दोनदा आला व्हता गं," तो म्हणाला.

आतून मुलगी रडायला लागली आणि मला तिच्याकडे जावं लागलं.