तेल लागलेलं पातं

आमच्या ह्यांना चाकूतलं काही कळत नाही, असं मी लग्न झाल्यापासून सांगत आले आहे, आणि गेल्या श्रावणापर्यंत माझं म्हणणं कुणी खोडून काढलं नव्हतं. ह्यांच्याकडे जत्रेत घेतलेला स्टेनलेसचा घडीचा चाकू आहे. त्यानेच बांगडे साफ करतात, नायलॉनची दोरी कापतात, लिंबू चिरतात, आणि धुऊन तसाच ओला खिशात टाकतात. डाग नाही की गंज नाही. "बघ, आरसो आसा आरसो," असं वर मला दाखवतात. आरसाच हवा होता तर त्यात बघून भांग पाडा, कापायच्या भानगडीत पडू नका, हे माझं ठरलेलं उत्तर.

माझा चाकू साध्या पोलादाचा. दुकानदार त्याला कार्बन स्टील म्हणतात. मला कलमं बांधायला शिकवलं तेव्हा दादाने, माझ्या थोरल्या भावाने, तो दिला. शिसवी मूठ, धार एकाच बाजूने, आंब्याच्या चिकाने पातं काळंनिळं पडलेलं. दिसायला अगदी दरिद्री. पण ओल्या दगडावर दहा-बारा हात फिरवले की मनगटावरची लव उतरवील. स्टेनलेसचं पातं दगडावर नुसतं घसरत राहतं. त्याला धार लावायची म्हणजे डबक्यात बसलेल्या म्हशीला बाहेर काढायचं. एकदा लागली की ती धार बराच वेळ टिकते, एवढं कबूल करायला मात्र मला साठी ओलांडावी लागली.

पोलादाचं दुखणं एकच, गंज. माझं माहेर वैभववाडीकडचं, घाटाच्या पायथ्याचं. तिथे चाकू फडक्यात गुंडाळून ठेवला की काम भागतं. मला दिली मालवणच्या किनाऱ्याला. इथल्या खाऱ्या वाऱ्यात एका रात्रीत पात्यावर तांबडे ठिपके उठतात. म्हणून काम संपलं की पात्यावर खोबरेलाचं बोट फिरवायचं, आणि पुढच्या वेळी कलमाला बसण्याआधी राखेने घासून, साबणाने धुऊन ते तेल काढायचं. काप तेलकट झाला की वर बांधलेली काडी आणि खालचं रोप एकमेकांना धरत नाहीत, कलम सुकून जातं. ओरोसच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी घरामागे कलमं करायला लागले. शिकायला येणाऱ्या बायकांना मी दुसरं काही सांगो न सांगो, हे तेलाचं दहादा बजावते.

श्रावणात एका सकाळी दादाचा फोन आला. "आंबो पडलो गो. मुळासकट."

कुठला आंबा ते विचारावं लागलं नाही. वहिनीने लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिच्या माहेरचा एक रायवळ आंबा खाऊन त्याची कोय न्हाणीच्या सांडपाण्यावर टाकली होती, त्याचं झाड झालं. लहान लहान फळ, नुसता रस आणि केसर. वहिनी त्याचं सांसव करायची, मोहरी वाटून, गूळ घालून, आणि आम्ही सगळी कोयी चोखत पानावर बसून राहायचो. ती जाऊन दोन वर्षं झाली. त्या दोन वर्षांत दादा सकाळचा चहा त्या झाडाखालीच घ्यायचा. मुलाने शहरात बोलावलं तर म्हणाला, आंब्याला पाणी कोण घालणार? एवढ्या मोठ्या झाडाला कुणी पाणी घालत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

कोय रुजवून तोच आंबा पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो. कोय कुणावर जाईल सांगता येत नाही. तोच आंबा हवा तर त्याच झाडाची काडी हवी, आणि पडलेल्या झाडाच्या काड्या चार दिवसांत वाळतात. म्हणून दुसऱ्या दिवशी दादा पहिल्या गाडीने निघून माझ्या दारात आला. ओल्या फडक्यात बारा काड्या होत्या. फुगलेल्या डोळ्यांच्या, म्हणजे कोंब फुटायच्या बेतातल्या, एवढ्याच मिळाल्या होत्या.

"माझो हात आता थरथरता," तो म्हणाला. "तूच बांध. तुझ्या हाताक येश आसा."

माझी रोपं तयारच होती, कोयीतून नुकती वर आलेली, पानं अजून तांबूस. मी चाकू काढला, दगडावर चार हात मारले आणि बसले. दादा समोर बसलेला, त्यामुळे मला चेव आला. ह्यांना मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात मी पोलादाची महती सांगत होते. रोपाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, काडीला दोन्हीकडून तासून पाचर करायची, चिरेत बसवायची, प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. हात कसे झरझर चालले होते! बोलणंही तसंच चाललं होतं. दादा आत चहा घ्यायला गेला तोवर आठ बांधून झाली होती.

नवव्या काडीची पाचर तासली आणि पागोळीचा एक थेंब कापावर पडला. तो पसरला नाही. गोळी होऊन घरंगळला.

मी पात्यावर अंगठा फिरवला. खोबरेल! दगडाने धारेवरचं तेवढं गेलं होतं, बाकी सगळं पातं तुकतुकीत होतं. राख नाही, साबण नाही, मी थेट बसले होते. जगाला शहाणपण शिकवणारी मी, आणि वहिनीच्या आंब्याच्या बारापैकी आठ काड्या मी स्वतःच्या हाताने तेलात घातल्या होत्या. एकदा चिरेत बसवलेली काडी उपसून पुन्हा तासावी, तर त्या कोवळ्या रोपांचा आणि काड्यांचा चोथा झाला असता.

हे दारात उभे होते. त्यांनी माझं तोंड बघितलं, पात्यावरचा अंगठा बघितला. खिशातून आपला चाकू काढून पुढे धरला. "माझो घे. ह्येका तेल लागना नाय."

तो टोमणा होता की नाही, मला आजही ठरवता आलेलं नाही. मी तो घेतला, दोनदा साबणाने धुतला, कारण बांगड्यांचं तेल त्या चाकूलाही ठाऊक होतं. मग दगडावर बसले. दहा हातांनी काही झालं नाही, वीस हातांनीही नाही. घामाघूम झाले तेव्हा कुठे वर्तमानपत्राचा कागद सरळ कापला गेला. उरलेल्या चार काड्या मी त्या आरशाने बांधल्या, तोंडातून एक शब्द न काढता. नवव्या काडीची पाचर आधी नव्याने तासून घेतली.

दादा बाहेर आला, बाराही कलमं ओळीने लावलेली बघितली आणि कितीतरी दिवसांनी हसला. त्या हसण्यापुढे मला सांगवेना. आणि मग रोज संध्याकाळी त्याचा फोन. "कशी आसत?" मी म्हणायची, बरी आहेत. आठांच्या काड्या आधी सुरकुतल्या, मग बुंध्याकडून काळ्या पडत गेल्या, तरी मी म्हणत होते बरी आहेत. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या चार कलमांजवळ मी दिवसातून किती वेळा जाऊन बसले असेन! त्यांतलंही एक वाळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

अठराव्या दिवशी सकाळी एका काडीच्या टोकाला तांबडं नख दिसलं. मी ह्यांना ओरडून बोलावलं. आम्ही दोघं चिखलात उकिडवे बसून ते बघत राहिलो. दोन दिवसांत उरलेल्या दोघांनाही कोंब आले. मी मांडी ठोकून हसले, देवाला नारळ बोलले, आणि ह्यांच्या चाकूला यापुढे नावं ठेवणार नाही असंही बोलून गेले. ते काही पाळता आलेलं नाही.

महिन्याने तिन्ही कलमं पिशवीत घालून मी माहेरी गेले. मुळं उपटून पडलेला खड्डा अजून तसाच होता. दादा त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता. चहा तिथेच घेत होता. मी पिशवी खाली ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. "दादा, पात्याक तेल होता. धुवूक इसारलंय. नऊ मेली, आणि मी तुका रोज खोटा सांगलंय."

पिशवीतून एक कलम काढून त्याने मांडीवर घेतलं आणि कोवळ्या पानाला हळूच बोट लावलं.

"अगो खुळे," तो म्हणाला, "माका बारा कित्याक होयी होती? एकच होया होता."

मग तो कुदळ आणायला घराकडे गेला. मी त्याच्या खुर्चीत बसले आणि त्याचा उरलेला चहा पिऊन टाकला. महिनाभरात पहिल्यांदा घशाखाली काहीतरी सरळ उतरलं.