लूम थांबले ती दुपार

आधीच सांगून टाकते, मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. पंचवीसेक वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली. न्यायला माणसं येईपर्यंत डेडबॉडीच्या शेजारी बसून डबा खाल्लाय. अंगात येणं, करणी, बाहेरचं... कुणी सांगू लागलं की मी सरळ विषय बदलते. तरीही हा एक अनुभव आहे, जो माझ्या हिशोबात आजवर बसलेला नाही. यात भूत नाही, त्यामुळे कुणाची निराशा झाली तर माफ करा.

१९९१ साली लग्न होऊन मी धुळे जिल्ह्यातून सुरतला आले. गोडादऱ्याला. आता तिथं गेलं तर ओळखू येत नाही, पण तेव्हा आमच्या सोसायटीच्या एका बाजूला भेंडीची शेतं होती आणि दुसऱ्या बाजूला लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. एक खोली, मागे रसोडं, वर पत्रा. अर्धी गल्ली खान्देशची. नळावर अहिराणी, दुकानात गुजराती, खात्यात हिंदी... तीन भाषांत दिवस जायचा. आणि लूमचा आवाज! खटक-खटक, खटक-खटक, चोवीस तास. पहिले पंधरा दिवस माझं डोकं भणभणलं. मग इतकी सवय झाली की माहेरी गेल्यावर शांततेत झोप येईना. गल्लीतली तान्ही बाळं तर त्या आवाजावरच झोपायची, पाळणा हलवायची गरज नसायची. फार गरिबीचे दिवस होते ते, पण खोटं कशाला बोलू, आजही कधीकधी तिथं जाऊन राहावंसं वाटतं.

माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली 'जीजी' म्हणायची. वय साठीच्या आतच. उंच, सडपातळ, एकेकाळी म्हणे चार बायांचं काम एकटी उरकायची. पण मी आले तेव्हाच काहीतरी बिनसलेलं होतं. चपला पिठाच्या डब्यात ठेवायची. मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. दीड वर्षात बोलणंच बंद झालं. आम्ही तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी मेंदूची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्या मिस्टरांना म्हणाले, ''हे बघा, मेंदू आक्रसत चाललाय. यांना आता काही कळत नाही. खाऊ-पिऊ घाला, जपा.'' जीजी तिथेच बसली होती. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत.

काही कळत नाही म्हटल्यावर माझं फावलंच म्हणा. मिस्टर बारा-बारा तास लूमवर. घरात मी आणि ती. मी साड्यांचे धागे कापायचं काम आणायची आणि कापता कापता तिच्याशी बोलत राहायची. सुरुवातीला सहज, मग तोंडाला कुलूपच राहिलं नाही. बारावीनंतर माझा नर्सिंगला नंबर लागला होता आणि वडिलांनी पत्र लपवून ठेवलं होतं, हे मी मिस्टरांनाही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि अडीच महिन्यांतच सगळं गेलं. तेव्हा मिस्टर गावी होते. मी कुणालाच कळू दिलं नाही, एकटीने निस्तरलं. तिला सांगितलं. ''मुलगीच होती जीजी, मला माहितीये,'' असं म्हणून तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलेसुद्धा. ती भिंतीकडे बघत होती.

आणि एकदा... हे लिहायला जड जातंय. एका उन्हाळ्यात दुपारी मी भरवत होते आणि ती वरणभात थुंकत होती. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्या अंगावर, नुकत्या धुतलेल्या चादरीवर, कापायला आणलेल्या साड्यांवर. मी ताट आपटलं आणि ओरडले, ''मरत का नाही तुम्ही एकदाच्या!'' तिने पापणीही हलवली नाही. मी चादर पुन्हा धुतली. कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता.

त्याच वर्षी, ९४ साली, सुरतेत प्लेग आला. गणपती विसर्जन नुकतंच झालं होतं. आधी कुजबुज, मग दोन दिवसांत सगळी पळापळ. तोंडाला रुमाल बांधून लोक मिळेल त्या ट्रकने, टेम्पोने निघाले. उधना स्टेशनात भुसावळ पॅसेंजरच्या टपावर माणसं बसलेली. आमची गल्ली एका दिवसात रिकामी झाली. शेजारच्या कांताबेन किल्ली द्यायला आल्या. ''लताबेन, चालो ने अमारी साथे! माजीने पण लई लो!''

''कशा येतील त्या कांताबेन? गर्दी बघून ओरडायला लागतात, हात सोडून पळतात.''

त्यांनी जीजीच्या पायाला हात लावला, डोळे पुसले आणि गेल्या. आम्ही तिघं राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर सायकल घेऊन टेट्रासायक्लिनच्या गोळ्या शोधायला निघाले. जवळच्या दुकानांतल्या कधीच संपल्या होत्या. मला म्हणाले, ''दार लाव. कुणी आलं तरी उघडू नको.'' आणि साधारण साडेबाराच्या सुमाराला, मी रसोड्यात तांदूळ निवडत असताना, खात्यातले उरलेसुरले लूमही थांबले. शेवटचे कारागीर निघाले असणार. एकेक आवाज कमी होत गेला आणि मग काहीच नाही. मी त्या घरात तीन वर्षं राहत होते, पण घड्याळाची टिकटिक इतकी स्पष्ट पहिल्यांदा ऐकली.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला, ''लूमना आवाज काबर बंद पडना व, लते?''

लूमचा आवाज का बंद पडला गं, लता?

हातातलं सूप खाली पडलं. मला वाटलं कुणी बाई घरात शिरली. धावत गेले तर जीजी खाटेवर पाय खाली सोडून ताठ बसलेली. पदर डोक्यावर नीट घेतलेला. माझ्याकडे बघत होती. नजर कशी असते... ज्यांच्या घरी असा पेशंट असेल त्यांना कळेल. एरवी ती माझ्यातून आरपार बघायची. आता माझ्याकडे बघत होती.

लता हे नाव तिने मला आयुष्यात कधी हाक मारायला वापरलं नव्हतं.

ती पुढे अहिराणीतच बोलली, मी सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहिते. मी कशीबशी म्हणाले, ''जीजी, रोग आलाय. सगळे गावी गेलेत.''

''प्रकाश?''

''गोळ्या आणायला गेलेत.''

तिने मान हलवली. मग हात कपाळाकडे नेला, कुंकवाच्या जागी बोट टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. ''ते गेले ना?'' तिने विचारलं. सासरे जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. त्या दिवशी बायांनी तिचं कुंकू पुसलं तेव्हा ती हसली होती, चहा मागण्याची खूण करत होती. मी ''हो'' म्हणाले आणि ती रडायला लागली. नुकतंच कळलेल्या बाईसारखी, अंग गदगदून. मी तिला धरून बसले. ती पुन्हा हरवेल म्हणून मी पाणी आणायलाही उठले नाही.

रडणं ओसरल्यावर पदराने तोंड पुसून ती म्हणाली, ''मी सगळं ऐकलंय गं. आतून ऐकू यायचं. विहिरीत उतरलेल्या माणसाला वरचं ऐकू येतं तसं. पण माझा आवाज वर जायचा नाही.''

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. मग कळलं, आणि मी तिच्या पायाशी बसकण मारली.

''तुझ्या बापाने पत्र लपवलं ते वाईट केलं,'' ती म्हणाली. ''आणि पोर गेली तेव्हा तू दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेलीस. जायचं नव्हतं. माझी दोन गेली अशी. सासूने पाच दिवस उठू दिलं नव्हतं मला. मी तुला उठू दिलं नसतं.''

मी हमसून रडत होते. त्या रडण्यातच बोलले, ''आणि मी तुम्हाला मरा म्हणाले तेही...''

''तेही,'' ती म्हणाली. ''वरणात मीठच नव्हतं. कोण खाईल तसलं?''

विश्वास ठेवा, आम्ही दोघी हसलो. बाहेर सगळं शहर पळून गेलेलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसतोय.

मग तिने मला एक गोष्ट सांगितली. प्रकाश सहा वर्षांचा असताना ती तापाने फणफणलेली, चुलीशी बसलेली. तो भाकरीसाठी सारखा पदर ओढत होता. तिने हातातलं उलथनं फेकून मारलं, ते हनुवटीखाली लागलं. रक्त थांबेना. मग दोघांनी मिळून ठरवलं, बापाला सांगायचं की विहिरीच्या पायरीवर पडला. ''त्याने आजवर कुणाला सांगितलं नाही,'' ती म्हणाली. ''दमलेल्या माणसाच्या हातून होतं गं. त्याने धरून नाही ठेवलं. मी कशी ठेवू?''

तिने चहा मागितला. मी केला, तिने बशीत ओतून फुंकून प्यायला, स्वतःच्या हाताने. म्हणाली, ''तू ते नर्सचं शीक. प्रकाश येऊ दे, मी सांगते त्याला.'' मग म्हणाली, केस विंचर. मी मागे बसून तिची वेणी घालायला घेतली. ती तिच्या माहेरच्या नदीचं काहीतरी सांगत होती, पोरी वाळूत झिरे खणून पाणी भरायच्या वगैरे. ''झिऱ्यात पाणी साठेपर्यंत आम्ही...'' एवढं म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, ''मग?'' उत्तर नाही. ''जीजी, मग?'' मी पुढे येऊन बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

सगळं मिळून दोन तास झाले असतील.

मिस्टर चार वाजता आले, रिकाम्या हाताने. मी दारातच सगळं सांगितलं. ते आईसमोर बसले, हाका मारल्या, हात हलवला. काही नाही. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, ''लता, तू घाबरलीयस. एकटी होतीस. होतं असं.''

''तुमच्या हनुवटीला कसं लागलं?''

''सांगितलंय ना तुला, सायकलवरून पडलो होतो.''

''जीजींनी उलथनं मारलं होतं. तुम्ही दोघांनी विहिरीची पायरी सांगितलीत.''

त्यांनी तोंडावरचा रुमाल सोडला, आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तसेच राहिले. दिवेलागणीपर्यंत.

प्लेग ओसरला. लोक परत आले, लूम सुरू झाले. वर्षभराने मिस्टरांनीच माझ्या नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म आणला. जीजी त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं जगली. पुन्हा एक शब्द बोलली नाही. मला वाटायचं, त्या आवाजाच्या थांबण्यातच काहीतरी असणार. म्हणून दिवाळीला खातं बंद असायचं तेव्हा मी दिवस-दिवस तिच्यासमोर बसून राहायचे. काही झालं नाही. त्या मोठ्या डॉक्टरांनी तर साफ उडवून लावलं... ''सुकलेल्या झाडाला एका दुपारपुरती पालवी फुटते का?''

मागच्या वर्षी आमच्या हॉस्पिटलमधल्या न्यूरॉलॉजिस्ट सरांना मी हे सगळं सांगितलं. तरुण आहेत, ऐकून घेतात. ते म्हणाले, ''सिस्टर, असे अनुभव खूप घरांतून येतात. डिमेन्शियाचे पेशंट अचानक तासभर पूर्वीसारखे बोलतात. आता त्यावर रीतसर संशोधन सुरू झालंय. बहुतेक वेळा मृत्यूच्या आधी काही दिवस होतं.''

''पण त्या तीन वर्षं जगल्या, सर. आणि जुन्या आठवणी परत आल्या हे मी समजू शकते... पण आजारपणात मी जे बोलले ते? नवीन काही साठवण्याची ताकदच उरली नव्हती ना? मग ते कुठं साठलं?''

सर म्हणाले, ''मला माहीत नाही.'' मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत डॉक्टर माणसाने सरळ असं सांगितल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी जाता जाता विचारलं, ''मग पुढची तीन वर्षं तुम्ही त्यांच्याशी काय बोलायचात?''

खरं सांगू? पहिले आठ-नऊ महिने काहीच नाही. आत कुणीतरी ऐकतंय हे कळल्यावर मला लाजच वाटायला लागली. 'जीजी, हात वर करा', 'जीजी, तोंड उघडा' एवढंच. मग ९५च्या पावसाळ्यात एका सकाळी मला पुन्हा दिवस गेल्याची खात्री झाली. मिस्टर ड्युटीवर होते. मी जीजीच्या खाटेवर बसले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि तिला सांगितलं. तिचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. मग मी तिचा हात माझ्या पोटावर ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

माझी मुलगी आज तिशीला आलीये. ती येणार हे जगात सगळ्यात आधी कुणाला कळलं, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही... कळलं असेल तर.