मिठागरातले भावजी रणात

माझे धाकटे दीर जयवंत यांची चाळीस वर्षं वसईच्या मिठागरात गेली. त्यांच्या नातवाने, सिद्धेशने, जीप घेतली आणि त्यांना एक दिवस कच्छच्या रणात फिरवायचं ठरवलं. मोबाइलवर त्याने पांढरीशुभ्र, सपाट वाट निवडली.

भावजी म्हणाले, "वरती मिठाचा पापुद्रा, खाली चिखल. बाभळींची वाट घे."

"आजोबा, तिथे बघायला काय आहे?"

"रुतलेली जीप तरी नाय."

सिद्धेश फुगला, पण बाभळींच्या वाटेनेच गेला. काठावर उतरून भावजींनी पांढऱ्यात काठी टेकवली, ती मुठीपर्यंत आत गेली. मग टेकाडावर बसून दोघांनी रण पोटभर पाहिलं.

घरी येऊन भावजी मला म्हणाले, "वहिनी, एवढं मीठ पाहिलं, अन् हातात फावडं नव्हतं. बरं वाटलं."