ओंजळीतले तीर्थ

नव्वदीच्या सुरुवातीच्या एका श्रावणी सोमवारी, दुपारी, उल्हासनगरच्या एका धर्मादाय इस्पितळात माझ्या आईची शुद्ध हरपत चालली होती. डेन्मार्कहून आलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थिनीने तिला साखरेचे पाणी पाजले आणि ती वाचली. घडले ते एवढेच. तरीही मी त्याला कृपा म्हणतो. का म्हणतो, ते सांगण्यासाठी हे लिहिले आहे.

आम्ही बदलापूर गावातले. भाताच्या लावणीत आईच्या तळपायात काच शिरली. तिला मधुमेह आहे हे जखम चिघळल्यावर कळले. साखर आटोक्यात आली नाही तर पाय घोट्यापासून काढावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. आईने आयुष्यभर शंकराचे सोमवार कडक केले होते, तीर्थाखेरीज पाण्याचा थेंबही न घेता. जिने देवासाठी इतके सोसले तिचाच पाय का, हा प्रश्न मला छळत होता. आईला तो पडलाच नाही. तिचे एकच सांगणे असे, ‘‘सोमवारी येताना अंबरनाथचा तीर्थ घेऊन ये.’’

त्या विद्यार्थिनीचे नाव हाना. शिक्षणाच्या मधल्या काळात ती सेवेसाठी आली होती आणि इस्पितळाच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होती. मी सकाळी वॉर्डात पोचे तेव्हा तिचे काम कधीच सुरू झालेले असे. काचेच्या सिरिंजा उकळत ठेवायच्या, खाटेखाटेपाशी जाऊन ताप पाहायचा, चादरी बदलायच्या, मग मलमपट्टी. आईची जखम धुताना ती फरशीवर मांडी घालून बसे आणि पाय स्वतःच्या मांडीवर घेई. डॉक्टरीण आपल्या पायाला हात लावते याचा आईला फार संकोच वाटे. पट्टी झाली की आई हात जोडी, आणि हाना तितक्याच गंभीरपणे उलट हात जोडी.

‘‘अगं हौसा, तू नको जोडू, पाप लागंल मना,’’ आई म्हणे. ‘हाना’ तिच्या जिभेवर कधी बसलेच नाही.

‘‘आई, दुखते?’’ हानाचे मराठी तेव्हा इथवरच पोचले होते.

शेजारच्या खाटेवरच्या सिंधी आजींना सगळा वॉर्ड अम्मा म्हणे. त्या हसत. ‘‘दोनों एक-दूसरे को पूजते रहो. मेरा टाँका कौन देखेगा?’’

दुपारी परिचारिका जेवायला गेल्या की हाना चालू न शकणाऱ्या बायकांचे केस विंचरी. सुटीच्या दिवशीही ती लांब कुठे गेली नाही. एकदा परिचारिकांबरोबर अंबरनाथच्या देवळात गेली होती. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेली, सगळ्यांसारखी ओंजळ पुढे केली, तीर्थ प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. हे तिने आईला खुणांनी करून दाखवले होते.

त्या सोमवारी आईने सकाळी इन्सुलिनचे इंजेक्शन घेतले आणि नाश्त्याची ताटली गुपचूप अम्मांच्या सुनेला दिली. परिचारिकेला म्हणाली, खाल्लं. उपास देवाचा, औषध डॉक्टरांचे. दोन्ही पाळले की झाले, असा तिचा सरळ हिशोब होता.

मी त्या वेळी अंबरनाथच्या देवळाबाहेर रांगेत होतो. रांग हलेना, म्हणून तीर्थ न घेताच निघालो. बाहेर पडणाऱ्या एका अनोळखी गृहस्थाने माझ्या हातातली रिकामी बाटली पाहिली आणि विचारले, ‘‘कुणासाठी?’’ आईसाठी, मी म्हटले. त्याने स्वतःच्या तांब्यातले तीर्थ माझ्या बाटलीत ओतले. ‘‘मी परत उभा राहतो,’’ म्हणाला आणि रांगेच्या शेवटी गेला.

वॉर्डात पोचलो तर आई घामाने निथळत होती. हात थरथरत होते, बोलणे तुटक झाले होते. रिकाम्या पोटी घेतलेल्या इन्सुलिनने रक्तातली साखर फार खाली गेली होती. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. परिचारिका सलाईनसाठी शीर शोधत होती, सापडत नव्हती. हानाने साखरेच्या पाण्याचा पेला ओठांना लावला. आईने दात घट्ट मिटले.

‘‘सोमवार हाय… उपास मोडू नको माजा.’’

अम्मा खाटेवरून ओरडल्या, ‘‘सुबह से कुछ नहीं खाया इसने! मेरी बहू को दिया सब!’’

हानाला शब्द किती कळले, माहीत नाही. तिने माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिले. ती घेतली, साखरेच्या पाण्याच्या त्याच पेल्यात ओतली. मग पेला आईच्या तोंडाशी न नेता तिने आईचा उजवा हात धरला, तळव्याची वाटी केली आणि त्यात थोडे पाणी सोडले.

‘‘आई, तीर्थ.’’

आई ते प्यायली आणि तिने हात डोक्यावरून फिरवला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग मूठ मिटली. ‘‘तीनदा झाला.’’

पेला जवळजवळ भरलेला होता. अम्मा टाके धरून उठून बसल्या. ‘‘अब मेरे नाम का ले, बहन. मैं मंदिर नहीं जा सकती ना!’’

आईने मूठ उघडली. अम्मांच्या नावाचे घेतले, सुनेच्या नावाचे घेतले, माझ्या नावाचे घेतले. पेला संपत आला तेव्हा थरथर कमी झाली होती. तोवर शीरही सापडली.

दुसऱ्या दिवशी आईच्या चिकट केसांना मुंग्या लागल्या होत्या. हाना त्या वेचत होती आणि डॉक्टर रागावत होते, ‘‘आजी, इंजेक्शन घेऊन उपाशी राहायचं नाही. उपास करायचा तर आधी हानाला सांगायचं.’’ आईने मान डोलावली. पुढचे सोमवार तिने हानाच्या हातून फराळ घेऊन पाळले. पन्नास वर्षांचा नेम तिने कुरकुर न करता दुसऱ्याच्या हाती सोपवला. सोपवणे म्हणजे काय, ते मी तिथे पाहिले.

आईला साखरेने वाचवले, यात मला शंका नाही. पण दात मिटले तरी तिची ओंजळ उघडली, ती कशासाठी हे मी पाहिले आहे. रांगेतला तो गृहस्थ, टाके धरून उठलेल्या अम्मा आणि देवळात जे पाहिले ते नीट लक्षात ठेवणारी ती मुलगी, या तिघांपुढे माझे हात आजही जुळतात. त्या दिवसानंतर मी तो जुना प्रश्न देवाला विचारला नाही.

जखम भरली. पाय राहिला. दिवाळीआधी हाना तिच्या देशी परतली.

पुढच्या श्रावणात आई अंबरनाथच्या गाभाऱ्याच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरली. तिने तीनदा तीर्थ घेतले आणि पुजाऱ्यापुढे ओंजळ तशीच धरून ठेवली.

‘‘आनि एक,’’ ती म्हणाली, ‘‘हौसाच्या नावाचा.’’

पुजाऱ्याने चौथ्यांदा पळी वाकवली.