गाण्याच्या मिसची बारा पेरं

आमच्या गाण्याच्या मिस आधी डोळे मिटायच्या. मग उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकवायच्या. आम्ही गात असायचो आणि अंगठा एकेका पेरावर थांबत पुढे सरकायचा. चार बोटं, एका बोटाला तीन पेरं. शेवटच्या पेरावर पोचला की डोळे उघडायच्या आणि म्हणायच्या, "बारा. पूर्ण."

गाणाऱ्या ग्रुपमध्ये त्या बाराच पोरं घ्यायच्या. तेरावं कोणी आलं की हात दाखवायच्या. "इथं बसतात तेवढेच घेते. तुला काय नखावर बसवू?"

तुमच्याही शाळेत अशा एक मिस असतील बघा, ज्यांना पोरं घाबरतात पण ज्यांची नक्कल सगळ्यात जास्त करतात. आम्ही मधल्या सुट्टीत डोळे मिटून अंगठा फिरवायचो, "बारा. पूर्ण." आणि खिदळायचो. मी पण खिदळायची. पण मी जरा कमी, आणि काऊन ते आता सांगते.

आमची शाळा अर्जुनी मोरगावची, ख्रिश्चन संस्थेची, खाजगी. पोरं मात्र सगळ्यांची. पोवार शेतकऱ्यांची, आमच्यासारखी बौद्ध घरची, थोडी गोंड घरची, आणि खरे ख्रिश्चन म्हणाल तर वर्गात दोन-तीन. सकाळी प्रार्थना, शुक्रवारी शेवटच्या तासाला उपासना. नाताळाच्या आधी धान घरात आलेलं असायचं, म्हणून ज्याच्या त्याच्या आईने वाटीभर नवा तांदूळ पाठवायचा आणि त्याचं जेवण सगळ्या शाळेनं मांडीला मांडी लावून खायचं. कोणाच्या घरचा तांदूळ कोणाच्या पोटात, काही पत्ता नाही. मला ते भारी आवडायचं.

माझं नाव शाळेत घातलं तेव्हा केशोरीहून आजोबा आले होते. गेटवरचा क्रॉस बघून ते थांबले. मला बाजूला घेतलं. "शिकाचं तेवढं शिकून घे. पण देवाले हात जोडाचे नाही, अन् देवाचं गानं म्हनाचं नाही. दीक्षा घेतली तवा आपन तसा शब्द देल्ला हाय."

मी पाचवीत होती. मी पण शब्द दिला.

आणि दुसऱ्याच आठवड्यात मिसनी वर्गातून बारा पोरं उचलली, त्यात मी! नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मग मी एक रस्ता काढला. बरोबर सगळ्यात डावीकडे, शेवटी उभी राहायची. ओठ हलवायची. आवाज काढायची नाही. मनातसुद्धा म्हणायची नाही, मनात मी पाढे म्हणायची. सतराचा पाढा त्या चालीवर मस्त बसतो, करून बघा.

म्हणजे उभे बारा, गाणारे अकरा. आणि मिस डोळे मिटून म्हणायच्या, "बारा. पूर्ण."

मला वाटायचं, सवयीनं म्हणतात. उभे बारा, म्हणून बारा.

मग एकदा रोशनीला मलेरिया झाला. रोशनी माझी मैत्रीण, रांगेत माझ्या उजवीकडे उभी राहायची. त्या दिवशी मिस हॉलमध्ये आल्या त्याच पेटीचा भाता बघत, खाली मान घालून, आमच्याकडे न बघता. डोळे मिटले. आम्ही गायलो. अंगठा एक पेर आधीच थांबला.

"अकरा. कोण नाही आलं?"

तुम्हाला कळलं का? म्हणजे त्या खरंच मोजत होत्या! कानांनी! मग माझ्या बंद तोंडाचं पेर त्या रोज कशाच्या भरवशावर मोजत होत्या?

आमचा हॉल टिनाच्या छताचा. माझ्या डावीकडे हातभर मोकळी जागा, मग खिडकी, खिडकीबाहेर तलाव. त्या दिवसापासून मी त्या हातभर जागेकडे बघायचं बंद केलं. बघितलं नाही की जास्त जाणवतं, हे पण तेव्हाच कळलं. ओळ सुरू व्हायच्या आधी सगळे श्वास घेतात ना? तसा एक श्वास डावीकडून यायचा. वारा असेल. तलावावरून वारा येतोच. पण वारा बरोबर ओळीच्या आधीच काऊन येईल?

रोशनी बरी होऊन आली आणि दोन दिवसांनी मला म्हणते, "तू भल्ली बारीक गातेस वं. कानात सुई गेल्यावानी."

"चूप बस," मी म्हटलं. मला वाटलं टोमणा मारून राहिली. माझं गुपित तिला कळलं असेल.

आणि मिस? मिस माझं कौतुक करायच्या! सगळ्यांसमोर! "त्या कोपऱ्यातला आवाज ऐका जरा. स्वतःला पुढं करत नाही, कोणाला मागं टाकत नाही. असं गायचं असते." सहावीत मला उत्कृष्ट आवाजाचं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. तोंडातून एक सूर न काढता बक्षीस मिळवणारी पूर्ण तालुक्यात मीच असेन. घरी आई म्हणाली, "कायचं भेटलं वं?" मी म्हटलं, "स्वच्छतेचं."

पोरांना असं काही कळलं की त्यांच्या गोष्टीत पहिले तळ्यात बुडालेली पोरगी निघते. म्हणून मी गुपचूप चौकशी केली. शिपाईकाकांना विचारलं. ते म्हणाले, "या तलावात म्हैसबी बुडली नाही आजवर. कायले विचारून रायली?" म्हणजे तेही नाही. काहीच नाही. फक्त एक आवाज, जो मिसला ऐकू यायचा आणि माझ्या नावावर जमा व्हायचा.

मी आठवीत गेली त्या वर्षी शाळेत कीबोर्ड आला. बटन दाबलं की ढोलक, बटन दाबलं की व्हायोलिन. तो वाजवायला गोंदियाहून एक नवे सर येऊ शकत होते. आणि मिसबद्दल कुजबुज सुरू झाली. मिसचे कान गेले. मिस रिकाम्या हॉलमध्ये बोलतात. हे खरं होतं, मी पण ऐकलं होतं. एकट्याच पेटी पुसताना म्हणायच्या, "हो गं, थांब जरा."

आमचे हेडमास्तर, त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, ते वाईट माणूस नव्हते. नाताळाच्या पंधरा दिवस आधी ते हॉलमध्ये आले आणि आमच्यासमोरच बोलले.

"मिस, कमिटीवाले म्हणतात तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही. तुम्ही रोज मोजता तसं माझ्यासमोर एकदा मोजून दाखवा. बरोबर आलं तर मी कमिटीशी भांडतो. रिटायर होईपर्यंत गाणं तुमच्याकडे."

"आणि चुकलं तर?"

"तर जानेवारीपासून आराम करा."

मिस हसल्या. "एवढंच ना? सर, कान आहेत ते. तुमचं घड्याळ नाही मागं पडायला."

त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डोळे मिटले. अंगठा करंगळीवर. मोठ्या सरांनी त्यांच्या पाठीमागून उजव्या टोकाच्या दोन पोट्ट्यांकडे बोट केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तुम्ही दोघं गायचं नाही. म्हणजे बारातून दोन गेले, मिसचा आकडा दहा यायला पाहिजे होता.

सरांच्या हिशोबात मी गाणारी होती! पण मी तर गातच नाही! मग गाणारे नऊ. मिसनी खरंच कानांनी मोजलं तर त्या नऊ म्हणतील, आणि चुकतील, आणि माझ्यामुळे जातील. त्या चार सेकंदांत तो दुसरा आवाज, तो श्वास, काही काही डोक्यात आलं नाही. फक्त मिस दिसल्या, पाठमोऱ्या, पांढरी साडी, एक टाच फाटलेली.

आजोबांची मनातल्या मनात माफी मागितली आणि मी तोंड उघडलं.

मी गायली! पहिल्यांदा! माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, फुटक्या भोंग्यासारखा. रोशनीनं दचकून माझ्याकडे बघितलं.

अंगठा सरकत होता. करंगळी झाली. अनामिका झाली. मधलं बोट झालं, नऊ. तर्जनीचं खालचं पेर, दहा. थांब, थांब, थांब, मी मनात म्हणून राहिली.

अंगठा अजून एक पेर चढला.

"अकरा," मिस म्हणाल्या.

मोठे सर म्हणाले, "पुन्हा एकदा ऐका, मिस."

आम्ही पुन्हा गायलो. मी अजून जोरात गायली, मूर्खासारखी.

"अकराच आहेत, सर. शंभरदा विचारा."

"दहा आहेत," सर हळूच म्हणाले. "दहाच गायले."

मिस वळल्या. एकेकाच्या तोंडाकडे बघत गेल्या, उजवीकडून डावीकडे. त्या दोन पोट्ट्यांनी माना खाली घातल्या. शेवटी नजर माझ्यावर आली. थांबली. आणि मग माझ्यावरून थोडी पुढे सरकली, खिडकीच्या आधीच्या त्या हातभर जागेत.

मला कळलं ते घरी जाताना, बसमध्ये. मी गायली नसती तर नऊ आम्ही आणि एक तो आवाज. दहा! मिस पास झाल्या असत्या! मी वाचवायला गेली आणि मीच त्यांना पाडलं. आणि दुसरी गोष्ट त्याच्याहून थंड. आता तो आवाज माझा समजायला जागाच उरली नाही. मी पण गायली, तो पण गायला. आम्ही दोघं होतो.

नाताळ झाला. जेवणाच्या पंगतीत मिसनी मला जास्तीचा भात वाढला. तो मी रोशनीच्या ताटात सरकवला. सुट्टी लागल्यावर मी त्यांच्या खोलीवर गेली. त्या पेटीला जुनी चादर गुंडाळत होत्या.

"मिस, मी कधीच गायली नाही."

"म्हणजे?"

"पाचवीपासून. फक्त ओठ हलवले. आजोबांना शब्द दिला होता. फक्त त्या दिवशी गायली, तुमच्यासाठी."

मिस चादरीचं टोक हातात धरून खाली बसल्या. मला वाटलं आता कानाखाली बसणार.

"त्या दिवशी तो भसाडा आवाज तुझा होता?"

"हो."

"अरे देवा." आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसले. "चार वर्षं मी तुझं कौतुक करून राहिली. डबा पण दिला तुला."

"मी मोठ्या सरांना सगळं सांगते, मिस. तुम्ही बरोबर होत्या म्हणून सांगते."

"काय सांगशील? मला तर ते घरी पाठवून राहिले, तुला दवाखान्यात पाठवतील."

मी रडायला लागली. त्यांनी जवळ ओढलं. "आजोबांना सांगितलं का?"

"नाही."

"सांगू पण नको. तू देवासाठी नाही गायली, एका बाईच्या नोकरीसाठी गायली. त्यांचा शब्द मोडला नाही. समजलं?"

मी मान हलवली. मग जे विचारायला आली होती ते विचारलं. "मिस, तुम्हाला भीती नाही वाटत?"

त्या खिडकीतून हॉलच्या टिनाकडे बघत राहिल्या. "चार वर्षं एका सुरानंही नाही चुकली ती. न बोलावता आली, न सांगता शिकली. कशाची भीती?" मग एकदम त्यांचा चेहरा पडला. "पण आता तिथं मशीन वाजेल. बटनावरचा ताल. त्यात एवढासा आवाज कोणाला ऐकू येईल? तिला मोजणार कोण?"

नोकरी गेली तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. तेव्हा रडल्या.

नवीन वर्षाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना सोडायला गेली. निघताना त्या आधी हॉलमध्ये गेल्या, एकट्याच. मी बाहेर पिशव्या घेऊन उभी. आतून काही ऐकू आलं नाही. पाचेक मिनिटांनी आल्या, दार पूर्ण उघडं धरलं, जरा थांबल्या, मगच लावून घेतलं.

स्टँडवर साकोलीची गाडी लागली होती. पेटी आम्ही टपावर चढवली. मिस दोघांच्या सीटवर बसल्या, मधल्या वाटेच्या बाजूनं. खिडकीची जागा सोडून. मी खाली खिडकीजवळ उभी होती, म्हणून त्यांचा चेहरा मला त्या रिकाम्या जागेपलीकडून दिसत होता. गाडी भरत आली. कंडक्टर तिकिटांची पेटी घेऊन आला.

"बाई, सरका न तिकडं. खिडकी रिकामी हाय."

"रिकामी नाही. साकोली द्या. एक फुल, एक हाफ."

"हाफ कोन?" त्यानं वाकून बाहेर माझ्याकडे बघितलं. "हे पोट्टी येऊन रायली का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"हाफ कुठी हाय मंग, बाई?"

"बसली आहे," मिस म्हणाल्या.

कंडक्टरनं त्या जागेकडे बघितलं. मिसकडे बघितलं. पुन्हा जागेकडे. मग दोन तिकिटं फाडली, टिक टिक पंच केली आणि दोन्ही त्यांच्या हातात ठेवून लवकर पुढे गेला.

गाडी हलली तेव्हा आत बाजाराच्या टोपल्या घेऊन सहा-सात बाया दांडीला धरून उभ्या होत्या. त्या खिडकीजवळ बसायला एकही पुढे झाली नाही.