बोरचं पाणी

सहावा दिवस उजाडला तरी टाकीतली बिअर गढूळच. आंबवणं संपलं की यीस्टचे पुंजके होतात, तळाला जातात आणि वरची बिअर निवळते; आमच्याकडे त्याला नुसतं 'बसलं' म्हणायचे. या खेपेला काही केल्या बसेना. चाकणच्या त्या छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये मला पाच महिने झाले होते, पुढच्या महिन्यात पर्मनंट करणार होते.

मॅनेजरांनी टाकीवरच्या काकांना धरलं. "थंड करायची घाई केलीत. गेटपास जमा करा, उद्यापासून येऊ नका." मोशीचे काका, कंत्राटी कामगार. माझ्याकडे एकदा बघून मान खाली घालून उभे राहिले. आणि मी? तोंडात गुळणी धरून बसले.

कारण मला ठाऊक होतं ना! या टाकीला बोरच्याऐवजी आरओचं पाणी घ्यायला मीच सांगितलं होतं.

"पोरी, बोरचंच राहू दे की," काका म्हणाले होते.

मी फणकारले, "बादल्यांवर पांढरे थर चढवणारं पाणी ते! आरओचं चांगलं असतं, काका." मीही मोशीतच भाड्यानं राहायचे. तिथल्या बोरच्या पाण्यानं माझे केस गळत होते, त्याचा राग कंपनीत काढला, दुसरं काय!

लॅबमध्ये दोन ग्लासांत टाकीतली बिअर घेतली. एकात बोरच्या पाण्यात असतं तसलं चिमूटभर कॅल्शियमचं मीठ टाकून दोन्ही ढवळले. देवा, काही होऊ नये, असंच वाटत होतं. थोड्या वेळानं मिठाच्या ग्लासात दूध नासल्यागत गोळे धरले आणि खाली गेले. दुसरा तसाच गढूळ. बोरच्या पाण्यातला जो क्षार मला नको होता, त्याच्याच आधारानं यीस्ट एकमेकांना धरतं.

बेसिन हाताशी होतं. ग्लास विसळला असता तर कुणाला कळलंही नसतं. विसळायला उचललाही होता, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात मॅनेजर आत आले, हातात काकांचा गेटपास, मागे काका.

"काय, बसलं का?"

"बसलं, सर." मी ग्लास पुढे केला. "पाणी मी बदललं होतं. काका नको म्हणत होते."

मॅनेजर वळले. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"सायेब, ती म्हनली चांगलं पानी हाय," काका म्हणाले. "आमी जन्मभर बोरचंच प्यालो. चांगल्यातलं आमाला काय कळतंय?"

मॅनेजरांनी गेटपास त्यांना परत दिला आणि माझ्या गळ्यातल्या कार्डासाठी हात पुढे केला.